जिग महाग नको, तोल बरोबर हवा! खाडीवर गरवताना वजन, शेपटी आणि गाठ कशी जमवायची?

देवगड : पाऊस सरला, खाडीचं पाणी निवळायला लागलं, की विजयदुर्गपासून देवगड, आचरा, कालावल, कर्ली आणि थेट तेरेखोलपर्यंत खाडीकाठच्या गावांत संध्याकाळी रॉड घेतलेली पोरं दिसू लागतात. पूर्वी हातात तंगुसाचं गुंडाळं आणि गरीला सुंगटाचा तुकडा एवढ्यावर काम भागायचं. आता मोबाइलवर व्हिडिओ बघून जिग मागवले जातात. रॉड येतो, रिळ येतं, रंगीबेरंगी रबरी शेपट्या येतात. मासा मात्र येत नाही. आला तरी जवळ येऊन बघतो आणि वळून जातो. मग दोष कधी रंगाला दिला जातो, कधी कंपनीला, कधी नशिबाला, आणि पुन्हा नवा जिग मागवला जातो.

बऱ्याच वेळा दोष जिगमध्ये नसतो. तो पाण्यात कसा लटकतो, किती वेगानं खाली बसतो आणि त्याला गाठ कशी मारलीय, यात असतो. या तीन गोष्टी घरच्या बादलीत तपासता येतात आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. त्या कशा तपासायच्या, ते सविस्तर बघू.

जिग म्हणजे नेमकं काय?

जिग म्हणजे डोक्याशी शिसं ओतलेली गरी. साध्या गरीला वजन वेगळं बांधावं लागतं, जिगमध्ये ते गरीच्याच दांडीवर बसवलेलं असतं. मागे रबरी मासोळी, सुंगटासारखी शेपटी किंवा पिसांचा झुबका असतो. दोरी बांधायचं जे भोक असतं, त्याला सुईसारखं नेढं म्हणू. बहुतेक जिगमध्ये हे नेढं डोक्याच्या वर किंवा नाकाच्या जवळ असतं. गरीचं टोक वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे तळाच्या दगडात ती कमी अडकते.

जिगवर खरं आमिष नसतं, त्यामुळे वास नसतो. माशाला फसवतं ते फक्त त्याचं चालणं. जिवंत मासोळी पाण्यात साधारण आडवी असते. घाबरली की उसळते, दमली की हळूहळू खाली बसते. जिगनं तेच करून दाखवायचं असतं. जो जिग शेपूट खाली टाकून उभा लटकतो किंवा भोवऱ्यासारखा फिरतो, तो माशाला मासोळी वाटत नाही.

बैलगाडी उलाळ होते, तसाच जिगही होतो

गाडी भरताना मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरली तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. भार आसावर बरोबर बसला तर गाडी हलकी चालते. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

जिगचा आस म्हणजे त्याचं नेढं. दोरीनं धरलेला जिग असा लटकतो की त्याच्या वजनाचा मध्य बरोबर नेढ्याच्या खाली येतो. नेढं वजनाच्या मध्याच्या अगदी वर असेल तर जिग आडवा राहतो. वजन नेढ्याच्या मागे गेलं तर शेपूट खाली जातं, म्हणजे जिग उलाळ झाला. वजन नेढ्याच्या पुढे गेलं तर नाक खाली जातं. तोलाचं सगळं गणित एवढंच आहे.

म्हणून जिग विकत घेताना रंगाच्या आधी नेढं बघा. गोल डोक्याच्या वरून सरळ उभं आलेलं नेढं असेल, तर तो जिग जेटीवरून किंवा होडीतून सरळ खाली सोडायला चांगला, कारण तो आडवा लटकतो. नेढं नाकाकडे झुकलेलं असेल, तर तो जिग लांब फेकून ओढत आणायला चांगला. असं डोकं पाण्यातून नाक पुढे करून येतं आणि कांदळवनाच्या मुळांत, दगडांच्या फटीत कमी अडकतं. नाकाकडच्या नेढ्याचा जिग सरळ खाली सोडला, तर तो शेपूट टाकणारच. त्यात जिगचा दोष नाही, काम चुकीचं दिलं गेलंय.

हातात नको, पाण्यात बघा

इथे बरेच जण फसतात. रबरी शेपटी लावलेला जिग दोरीनं हवेत धरतात, शेपूट खाली गेलेलं दिसतं आणि वाटतं, हा जिग बिघडलाय.

हवेतला तोल आणि पाण्यातला तोल वेगळा असतो. शिसं पाण्यापेक्षा अकरा पटींहून थोडं जास्त जड आहे. पाण्यात बुडलं तरी त्याचं वजन जेमतेम अकराव्या भागानं कमी होतं. रबरी शेपटी मात्र साधारण पाण्याइतक्याच घनतेची असते, त्यामुळे पाण्यात गेली की तिचं वजन जवळपास संपतंच. हवेत शेपटी मागे ओढते, पाण्यात ओढत नाही. हवेत उलाळ दिसणारा जिग पाण्यात कित्येकदा सरळ बसतो. उलट काही शेपट्या पाण्यापेक्षा हलक्या असतात. त्या हवेत व्यवस्थित दिसतात आणि पाण्यात वर उचलतात.

त्यामुळे परीक्षा पाण्यातच घ्यायची. खोल बादली, पारदर्शक बरणी किंवा बागेतली पाण्याची टाकी चालते. फक्त पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा गुरांचं टाकं वापरू नका, कारण जिगमध्ये शिसं असतं. परीक्षा अशी घ्या :

१. ज्या दोरीनं आणि ज्या गाठीनं गरवणार, त्याच दोरीनं जिग बांधा. शेपटीही जी लावणार तीच लावा.

२. जिग पाण्यात पूर्ण बुडवा आणि शेपटीला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानं काढा. बुडबुडा राहिला तर शेपटी खोटी हलकी होते.

३. हात स्थिर ठेवा आणि बाजूनं बघा. जिग आडवा आहे, नाक खाली आहे की शेपूट खाली?

४. दोन इंच उचला आणि सोडा. खाली जाताना जिग सरळ जातो, की एका बाजूला कलंडतो किंवा गोल फिरतो?

५. बादलीतून पुढे ओढा. शेपटी हलते का? डोकं एका अंगावर पडतं का?

खाडीचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण एवढ्या परीक्षेला बादलीतलं पाणी पुरतं.

तोल बिघडला तर काय करायचं?

शेपूट थोडं खाली जात असेल, तर आधी गाठ बघा. नेढं ही छोटी कडी आहे आणि गाठ तिच्यावर पुढे-मागे सरकते. गाठ नाकाकडे सरकली की शेपूट खाली जातं. मागे, शेपटीकडे सरकवली की जिग पुन्हा आडवा होतो. जास्तच मागे गेली तर नाक खाली येतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसून येतो. मासा लागला, जिग अडकला किंवा जोरात ओढला गेला की गाठ हमखास नाकाकडे सरकते. म्हणून दर दहा-बारा फेकींनंतर आणि प्रत्येक टोचेनंतर गाठीवर नजर टाका आणि नखानं ती जागेवर आणा.

जिग गोल फिरत असेल, तर बहुतेक वेळा शेपटी वाकडी ओवलेली असते. रबरी मासोळी ओवताना आधी ती गरीच्या बाजूला धरा. गरीचं टोक जिथे बाहेर यायला हवं, तिथे नखानं खूण करा. मग नाकाच्या बरोबर मधून टोक घाला, मासोळीच्या पाठीच्या मध्यरेषेतून न्या आणि खुणेवर बाहेर काढा. मासोळी ना ताणलेली राहिली पाहिजे, ना गोळा झालेली. टोक मध्यरेषेच्या डावी-उजवीकडे बाहेर आलं की जिग फिरतो आणि दोरीला पीळ चढतो. चार-पाच फेकींत दोरी गुंतून बसते आणि लोक रिळाला शिव्या घालतात.

गरीच वाकलेली असेल, तर ती सरळ करून वापरायच्या फंदात पडू नका. वाकून सरळ झालेला पोलाद तिथंच कमजोर होतो आणि मोठा मासा लागला की तिथंच उघडतो. अशी गरी बाजूला काढा.

शेपटी फार लांब असेल, तर डोक्याकडून थोडी कापून बघा. मागून कापली तर तिचं हलणंच जातं.

वजन किती? औंस, ग्रॅम आणि भरतीचं गणित

पाकिटावर वजन बहुतेक औंसात असतं आणि तिथंच गोंधळ होतो. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. त्या हिशेबानं :

१/८ औंस – साडेतीन ग्रॅम
१/४ औंस – ७ ग्रॅम
३/८ औंस – साडेदहा ग्रॅम
१/२ औंस – १४ ग्रॅम
३/४ औंस – २१ ग्रॅम

नियम साधा आहे. जेवढ्या हलक्या वजनानं तळ लागतो, तेवढंच वजन घ्यायचं. जिगवरच्या बऱ्याचशा टोचा तो खाली बसत असताना येतात. वजन जास्त असलं की जिग दगडासारखा खाली जातो, शेपटी हलायला वेळ मिळत नाही आणि डोकं चिखलात रुततं. वजन कमी पडलं तर ओढ त्याला वाहून नेते आणि तळ कधी लागतच नाही.

तळ लागला हे दोरी सांगते. जिग सोडल्यावर मनात आकडे मोजा. दोरी ताणलेली जाते आणि एका क्षणी सैल पडते, तो तळ. समजा पहिल्या वेळी आठ मोजल्यावर दोरी सैल पडली आणि पुढच्या वेळी पाचवरच पडली, तर तिथे तळ उंच आहे किंवा माशानं जिग मधेच उचललाय. दुसरी शक्यता सोडू नका. रॉड उचला.

एकच वजन रोज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पाण्याची ओढ जोराची असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी संथ असतं. भांगाला दोन-तीन मीटर पाण्यात ७ ते १० ग्रॅमचा जिग पुरतो, तर उधाणाला त्याच जागी १४ किंवा २१ ग्रॅम लागू शकतं. भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या थोड्या वेळात पुन्हा हलका जिग चालतो. म्हणून एकाच रंगाचे दहा जिग घेण्यापेक्षा एकाच आकाराचे तीन-चार वजनांचे जिग घेणं शहाणपणाचं. पागाच्या काठाला शिशाचे मणी किती आणि केवढे ओवायचे, याचा विचार जाळं विणणारे पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. मणी कमी पडले तर पाग मासा निसटल्यावर तळाला पोचतो. जिगच्या वजनाचा विचार त्याच जातीचा आहे.

जिग सोडताना दोरी पूर्ण सैल सोडली तर तो उभा खाली जातो. दोरी हलकी ताणलेली ठेवली तर तो झोका खात तुमच्याकडे सरकत खाली येतो. जेटीच्या खांबाला चिकटून बसलेल्या माशासाठी सैल दोरी बरी. उतरत्या तळावर शोध घ्यायचा असेल तर ताणलेली दोरी बरी. पण अगदी सैल दोरीवर टोच कळत नाही, म्हणून नजर दोरीवरच हवी.

गाठ : तीनच शिका, पण पक्क्या शिका

इंटरनेटवर शेकडो गाठी आहेत. खाडीवरच्या कामाला तीन पुरतात.

पहिली, पालोमार. दोरी दुहेरी करा, साधारण वीतभर. तो दुहेरी फास नेढ्यातून ओवा. दुहेरी दोरीचीच एक साधी सैल गाठ मारा, जिग खाली लोंबता राहू द्या. मग फास पूर्ण जिगवरून खाली घाला आणि दोन्ही टोकं एकत्र ओढा. विणलेल्या दोरीला, म्हणजे ब्रेडला, ही गाठ चांगली धरते.

दुसरी, युनी. टोक नेढ्यातून ओवून मुख्य दोरीला समांतर आणा. टोक मागे वळवून एक कडं करा. त्या कड्यातून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच-सहा वेढे घ्या. टोक ओढून वेढे बसवा आणि मग गाठ सरकवत नेढ्यावर आणा. तंगुसाला ही सोपी आणि भरवशाची. ब्रेडला तंगुसाचा लीडर जोडायचा असेल तर दोन युनी गाठी समोरासमोर मारून एकमेकींकडे ओढतात. त्यात ब्रेड गुळगुळीत असल्यानं तिचे वेढे थोडे जास्त घ्यायचे.

तिसरी, फासाची गाठ. टोकापासून वीतभर अंतरावर एक साधी सैल गाठ मारून ठेवा. टोक नेढ्यातून ओवा आणि त्याच सैल गाठीतून, ज्या बाजूनं बाहेर आलं होतं त्याच बाजूनं, परत आत घाला. मग मुख्य दोरीभोवती चार-पाच वेढे घ्या. टोक पुन्हा त्याच बाजूनं सैल गाठीतून ओवा आणि ओढा. नेढ्याला न आवळता एक छोटा फास राहतो. फास शेंगदाण्याएवढा पुरे.

कुठली कधी? सरळ खाली सोडायचं असेल तर पालोमार किंवा युनी, कारण गाठ नेढ्यावर घट्ट बसते आणि तिची जागा तुम्ही ठरवू शकता. फेकून ओढत आणायचं असेल तर फासाची गाठ, कारण तिच्यात जिग मोकळा डुलतो. जाड लीडरला घट्ट गाठ मारली तर दोरीचा ताठपणा जिगला हलू देत नाही. तिथे फासाची गाठ लगेच फरक दाखवते.

कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी दोरी दोरीवर घासली की ऊब तयार होते आणि तंगूस तिथेच कमजोर पडतं. मासा गेला, गाठ सुटली, असं म्हणतात त्यातल्या कित्येक गाठी आवळतानाच अर्ध्या मेलेल्या असतात. ओली करताना तोंडात धरू नका, खाडीच्या पाण्यात बुडवा. हाताला शिसं लागलेलं असतं. आवळून झाल्यावर दोन-तीनदा हळू पण जोरानं ताण देऊन बघा. सुटायची असेल तर घरी सुटू दे.

लीडरच्या शेवटच्या हातभर दोरीवरून अधूनमधून नख फिरवा. कालवांवर घासून खरखरीत झाली असेल तर तेवढी कापा आणि नव्यानं गाठ मारा. जिताड्याच्या गालाची पाती वस्तऱ्यासारखी धारदार असते. ती दोरीही कापते आणि हातही. त्यामुळे जिताड्याला कल्ल्यात बोटं घालून उचलू नका.

घरच्या पिसांचा जिग

रबरी शेपट्या फाटतात, माशाच्या दातांनी तुकडे होतात. घरच्या कोंबड्याच्या मानेची आणि शेपटीची पिसं दोऱ्यानं बांधून केलेला जिग जास्त टिकतो आणि पाण्यात श्वास घेतल्यासारखा हलतो.

गरी लाकडी पट्टीत किंवा छोट्या शेगड्यात घट्ट पकडा. डोक्यामागच्या दांडीवर शिवणाचा पक्का दोरा पंधरा-वीस वेढे देऊन पाया करा, नाहीतर पिसं गुळगुळीत दांडीवर फिरतात. पिसं जोड्यांनी निवडा, डावीकडे जेवढी तेवढीच उजवीकडे, लांबीही सारखी. दोन्ही बाजूंना धरून सात-आठ घट्ट वेढे घ्या, मग वाटल्यास आखूड पिसांचा गळपट्टा करा. शेवटची गाठ मारून दोऱ्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि रात्रभर सुकू द्या.

इथंही तोलाचंच राज्य. एका बाजूला एक पीस जास्त झालं तरी जिग फिरतो. पिसं गरीच्या लांबीच्या दुपटीहून मोठी झाली तर मासा नुसती शेपटी धरतो आणि गरीपर्यंत येतच नाही. झुबका फार दाट झाला तर पाणी त्याला अडवतं आणि जिग फार हळू खाली जातो. संथ पाण्यात ते चालेल, ओढीत चालणार नाही. बांधून झाला की पुन्हा बादलीची परीक्षा. पिसं आधी भिजवून घ्या, कोरडी पिसं हवा धरून ठेवतात.

होडीवरचा लांब जिग आणि माकळाचा जिग

समुद्रात होडीवरून सुरमई-बांगड्यासाठी वापरतात तो लांब धातूचा जिग वेगळा. त्याचा तोल बघायला तो बोटावर आडवा ठेवा. मध्यावर तोलला तर तो पानासारखा गिरक्या घेत खाली जातो. शेपटीकडे जड असेल तर लांब फेकला जातो आणि वेगानं तळ गाठतो. ओढ जास्त असेल तेव्हा शेपटीचा जड बरा, पाणी संथ असेल तेव्हा मध्यावर तोलणारा. त्याची गरी बहुधा वरच्या कडीत छोट्या दोरीनं बांधलेली असते. ही दोरी जिगच्या अर्ध्याहून लांब असू नये, नाहीतर गरी जिगलाच गुंतते.

माकळासाठी सुंगटाच्या आकाराचा, कापड लावलेला जिग मिळतो. त्याचं डोकं मुद्दाम जड ठेवलेलं असतं आणि तो नाक खाली करून तिरपा बसतो. तो आडवा करायला जाऊ नका. तिरपा उतरणं हाच त्याचा बरोबर तोल.

शिसं म्हणजे विष, हे विसरू नका

काही जण जुनं शिसं वितळवून घरीच डोकी ओततात. पैसे वाचतात, पण धोका मोठा आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफ होऊन तापलेलं शिसं अंगावर उडतं. ओला साचा, घामाचा थेंब, पावसाची झड, काहीही पुरतं. शिवाय त्याची वाफ आणि धूळ अंगात साठत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावर तिचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही.

त्यामुळे स्वयंपाकघरात, चुलीवर, घरच्या भांड्यात शिसं कधीही वितळवू नका. जुनी गाडीची बॅटरी फोडून शिसं काढणं तर अजिबात नको, त्यात आम्ल असतं. शिशाचा मणी दोरीवर दाताने दाबायची सवय असेल तर आजच सोडा, छोटी पक्कड ठेवा. जिग हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. उघड्या शिशावर रंगाचा किंवा नेलपॉलिशचा थर द्या. जिगचा डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

ही भीती नुसती बोलायची नाही. ब्रिटनमध्ये हंस शिशाची छोटी वजनं गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या गळाच्या शिशाची विक्री तिथे बंद झाली. आपल्या खाडीतही बगळे, खंड्या आणि मासे तेच पाणी पितात. टंगस्टनची डोकी मिळतात. ती शिशापेक्षा जड असल्यानं आकारानं लहान असतात, पण महाग पडतात.

मासा लागला, आता?

तोल जमला, गाठ बसली, की मासा लागतोच. मग एक गोष्ट लक्षात ठेवायची. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठ्यात मोठा जिताडा बहुधा अंड्यांवर येणारी मादी असते. पावसाळ्याच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला येते. खायला मध्यम मासा घेतला आणि मोठी मादी सोडली, तर पुढच्या वर्षीच्या जिताड्याची सोय होते. सोडायचाच असेल तर गरीच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, गरी पटकन निघते. मासा ओल्या हाताने धरा आणि पाण्यातच सोडा.

अडकलेला जिग काढताना रॉड वाकवून झटके देऊ नका. दोरी सैल करा, उलट बाजूला जा आणि हलके ओढा. तुटलीच तर दोरीचा जेवढा तुकडा हाती येईल तेवढा घरी आणा. कांदळवनात सोडलेलं तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यात बगळ्याचे पाय आणि खेकड्यांचे आकडे अडकतात.

उधाणाच्या वेळी खडकावर एकटे जाऊ नका. ओल्या शेवाळावर पाय घसरला की पोहता येणाराही लाटेत सापडतो. घरी कुठे जाताय ते सांगून निघा.

पुढच्या वेळी नवा जिग मागवण्याआधी डब्यातला जुना जिग काढा, बादली भरा आणि त्यात सोडून बघा. आडवा राहिला तर तो खाडीवर न्यायचा. उलाळ झाला तर आधी गाठ मागे सरकवायची.